मोटरहोमची टाकी रिकामी केली तरी वास जात नाही? औषध बदलण्याआधी पाणी बघा

डम्प स्टेशनवर, म्हणजे मोटरहोमच्या सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या ठरलेल्या जागी, टॉयलेटची टाकी रिकामी केली, वरून वास मारणारं महागडं औषध ओतलं, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी टॉयलेटचं दार उघडलं की पुन्हा तोच भपकारा. टाकी किती भरली ते दाखवणाऱ्या पॅनेलवरचा दिवाही परत 'फुल' दाखवतोय. अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुट्टीत मोटरहोम भाड्याने घेऊन यलोस्टोनला किंवा ग्रँड कॅन्यनला जाणाऱ्या आपल्या मंडळींकडून ही तक्रार मी सारखी ऐकतो. स्वतःची गाडी असलेल्यांचं दुखणंही वेगळं नसतं. मग औषधाची बाटली बदलली जाते, ती चालली नाही की तिसरी आणली जाते.

माझं मत असं की यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे: ब्लॅक टँकमध्ये, म्हणजे मैल्याच्या टाकीत, पाणी कमी पडतं. अमेरिकेत १९९४ पासून घरच्या नव्या टॉयलेटला एका फ्लशसाठी जास्तीत जास्त १.६ गॅलन, म्हणजे सुमारे ६ लिटर पाण्याची मर्यादा आहे. ते सहा लिटर पाणी सगळं उतारावरून गटारापर्यंत ढकलत नेतं. मोटरहोममध्ये फ्लशचं पेडल जरासं दाबलं तर कसंबसं अर्धा-एक लिटर पडतं. खाली उतार नाही, वाहतं गटार नाही, कमोडच्या थेट खाली एक सपाट प्लास्टिकची टाकी आहे. क्लास सी, म्हणजे मधल्या आकाराच्या मोटरहोममध्ये ती साधारण ३० ते ४० गॅलनची, म्हणजे ११५ ते १५० लिटरची असते आणि तिच्या तळाशी एका बाजूला तीन इंची व्हॉल्व्ह असतो. व्हॉल्व्ह उघडल्यावर सगळं एका दमात वाहून जायला हवं असेल, तर ते आत पाण्यात सुटं असायला हवं. पाणी कमी असलं की कागद आणि मैला तळाला बसतो, चिकटतो, वाळतो. व्हॉल्व्ह उघडला की वरचं पाणी तेवढं जातं आणि मैला जागेवरच राहतो.

म्हणून रिकाम्या टाकीत आधी तीन-चार गॅलन पाणी सोडायचं, तळ झाकला जाईल इतकं. मोठ्या कामाला बसण्याआधी कमोड अर्धा भरून घ्यायचा आणि उठल्यावर पेडल पाच-सहा सेकंद दाबून धरायचं. रसायन न वापरता एवढं जरी पाळलं तरी पुढच्या अर्ध्या भानगडी उद्भवत नाहीत.

भारतातून आलेले आई-बाबा किंवा सासू-सासरे बरोबर असतील तर टॉयलेटमध्ये धुण्यासाठी पाण्याचा मग ठेवला जातोच, आणि लगेच घरातलं कुणीतरी त्यांना "जरा पाणी जपून वापरा" असं सांगायला जातं. कृपा करून सांगू नका. त्यांच्या सवयीने टाकी लवकर भरते हे खरं, पण कागद कमी आणि पाणी भरपूर असल्यामुळे ती रिकामी केली की खरोखर रिकामी होते. डम्पची एक फेरी वाढली तर वाढू द्या. ज्यांना पाण्याचा मग चालत नाही त्यांनी आरव्हीसाठीचा, म्हणजे मोटरहोमसारख्या गाड्यांसाठीचा, पटकन विरघळणारा कागद वापरावा. बरणीत पाणी घालून त्यात कागदाचे तीन-चार तुकडे टाका आणि बरणी हलवा. कागदाचा लगदा झाला तर तो चालेल, तुकडे अखंड राहिले तर नको. ओले वाइप्स मात्र टाकीत अजिबात नकोत. पाकिटावर 'फ्लशेबल' लिहिलेलं असलं तरी ते विरघळत नाहीत.

वास नेमका कधी येतो?

हा प्रश्न आधी विचारा, कारण प्रत्येक वासाचा दोष मैल्याच्या टाकीकडे नसतो.

फक्त पेडल दाबल्यावर भपकारा येत असेल तर बाथरूमचा छतावरचा पंखा चालू होता का ते आठवा. पंखा हवा बाहेर ओढतो, आतला दाब कमी होतो, आणि कमोडचं तोंड उघडताच टाकीतली हवा वर खेचली जाते. फ्लश करण्याआधी पंखा बंद, झाकण बंद, मग पेडल. गाडी धावत असताना खिडकी किंवा छतावरचं झरोक्याचं झाकण उघडं असलं तरी हेच होतं.

पंखा बंद असूनही भपकारा येतो आणि फ्लश करताना बुडबुड आवाज होतो, तेही टाकी अर्ध्याच्या वर गेल्यावरच? मग व्हेंट पाइप बघा. टाकीतला वायू छतावर नेणारा हा पाइप टाकीच्या वरच्या बाजूला रबरी रिंगमध्ये बसवलेला असतो. हादऱ्यांनी तो कधी कधी खाली सरकतो आणि त्याचं टोक मैलापाण्यात बुडतं. वायूला वर जायची वाट बंद होते, मग तो कमोडमधून निघतो. छतावरच्या टोपीत गांधीलमाशांनी घर केलं असेल तरी लक्षणं हीच. छतावर जाणं सुरक्षित असेल तर टोपी काढून टॉर्चने आत बघा. पाइप खाली सरकलेला दिसला तर तो वर ओढून पक्का करून घ्यावा लागतो.

स्वयंपाकाच्या सिंकजवळ किंवा शॉवरपाशी वास येत असेल तर दोष बहुधा ग्रे टँकचा, म्हणजे आंघोळीच्या आणि भांड्यांच्या सांडपाण्याच्या टाकीचा असतो. आपल्या स्वयंपाकात फोडणीचं तेल, डाळीचं पाणी, भाताचा स्टार्च हे सगळं त्या टाकीत जातं आणि उन्हात दोन दिवसांत आंबतं. हा वास मैल्यापेक्षाही वाईट असतो. कढई-पातेली धुण्याआधी कागदाने पुसून तो कागद कचऱ्यात टाकायचा हा साधा उपाय लागू पडतो. दुसरं, मोरीखालच्या वाकड्या पाइपात, पी ट्रॅपमध्ये, जे पाणी वायू अडवून धरतं ते गाडीच्या हेलकाव्यांनी सांडतं किंवा गाडी उभी राहून सुकतं. मुक्कामाला पोचल्यावर प्रत्येक मोरीत पेलाभर पाणी ओतायचं. सिंकखालच्या कपाटात पाइपावर काळ्या किंवा पांढऱ्या टोपीसारखा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो हवा आत घेतो पण वायू बाहेर सोडत नाही. त्याचं रबर बिघडलं की कपाट उघडताच वास येतो. हा स्वस्त भाग आहे आणि हाताने फिरवून बदलता येतो.

फक्त गरम पाण्याचा नळ सोडल्यावर सडक्या अंड्याचा वास येत असेल तर टाकीला हात लावू नका. तो वॉटर हीटरमध्ये वाढलेल्या जिवाणूंचा आणि तिथल्या मॅग्नेशियमच्या सळईचा प्रताप आहे. हीटर थंड करून, रिकामा करून धुवावा लागतो.

आणि एक गोष्ट गांभीर्याने. प्रोपेन गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला वासही सडक्या अंड्याकडे झुकणारा असतो. जमिनीलगत असा वास आला, विशेषतः चुलीपाशी किंवा फ्रीजच्या मागे, तर आगकाडी पेटवू नका, कुठलंही बटण दाबू नका. सगळ्यांना बाहेर काढा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि मगच पुढचा विचार.

कमोडमध्ये पाणी ठरत नाही

दिवसभर सौम्य पण सतत वास येत असेल तर ही तपासणी करा. रात्री झोपण्याआधी कमोडमध्ये दोन-तीन इंच पाणी सोडा आणि काठाशी पेन्सिलने खूण करा. सकाळी पाणी खुणेच्या खाली गेलेलं असेल तर तळाचं रबर सील गळतंय. त्या दोन इंच पाण्याखेरीज टाकी आणि खोली यांच्यात दुसरा पडदा नाही.

सील बदलण्याआधी साफ करून बघा, कारण बहुतेक वेळा ते फाटलेलं नसतं, घाण झालेलं असतं. पंपाचा स्विच बंद करा, आणि गाडी कॅम्पग्राउंडच्या नळाला जोडलेली असेल तर तेही पाणी बंद. हातमोजे घाला. दुसऱ्या कुणालातरी पेडल दाबून धरायला सांगा. आता आतली पात किंवा अर्धगोल झडप बाजूला सरकलेली असेल. तिच्या भोवतीच्या रबरी कडेखाली बोट फिरवा. तिथे एक खाच आहे, आणि त्या खाचेत तुम्हाला हमखास दोन गोष्टी सापडतील: कागदाचा वळलेला चिकट धागा आणि जड पाण्याने जमलेला पांढरा खरखरीत क्षार. जुना टूथब्रश पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून पूर्ण गोलाई घासा, सीलची खालची बाजूही. क्षार हट्टी असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेला कागद अर्धा तास खाचेत दाबून ठेवा. मग पुसून कोरडं करा आणि प्लंबिंगसाठीचं सिलिकॉन ग्रीस बोटाने पातळ लावा. व्हॅसलीन किंवा स्वयंपाकाचं तेल लावू नका, त्याने रबर फुगतं आणि महिन्याभरात पुन्हा गळायला लागतं. एवढं करूनही पाणी ओसरलं तर नवं सील मागवा. टॉयलेटच्या मागच्या किंवा बाजूच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, तोच दुकानात सांगायचा. अंदाजाने आणलेलं सील बसत नाही.

कमोडच्या बुडाशी, फरशीवर ओल दिसत असेल तर गळती वेगळी आहे. एक तर पाण्याच्या जोडणीतून, नाहीतर कमोड टाकीला जोडणाऱ्या कड्याच्या, म्हणजे फ्लँजच्या, सीलमधून. पहिली ओल स्वच्छ असते, दुसरीला वास असतो. दुसरी असेल तर लांबणीवर टाकू नका, खालची प्लायवूडची जमीन पाणी पिते आणि कुजते.

टाकीत ढीग साचलाय

ही सगळ्यात त्रासदायक अवस्था, आणि ती बऱ्याचदा फुल हुकअपच्या जागी, म्हणजे जिथे पाणी, वीज आणि गटार तिन्ही गाडीला जोडता येतात तिथे, मुक्काम करणाऱ्यांच्या वाट्याला येते. सांडपाण्याचा होज, म्हणजे लवचिक पाइप, जागेवरच जोडता येतो म्हटल्यावर माणूस ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून मोकळा होतो. पाणी लगेच वाहून जातं, मैला आणि कागद कमोडच्या बरोबर खाली साचत जातो. चार-पाच दिवसांत त्याचा कडक ढीग होतो आणि एक दिवस पेडल दाबल्यावर काही खालीच जात नाही. म्हणून होज जोडलेला असला तरी ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा आणि टाकी निदान दोन तृतीयांश भरल्यावर उघडायचा. ग्रे टँकचा उघडा ठेवलात तरी चालतो, पण डम्पच्या आदल्या दिवशी तोही बंद करा, म्हणजे नंतर होज धुवायला साबणाचं पाणी मिळतं.

ढीग झालाच असेल तर खात्री करून घ्या. कमोडमधून टॉर्च मारा. बहुतेक क्लास सी गाड्यांत थेट टाकीचा तळ दिसतो. मग व्हॉल्व्ह बंद करा आणि टाकी तीन चतुर्थांशापर्यंत पाण्याने भरा. गरम पाणी मिळालं तर उत्तम, मात्र उकळतं नको. त्यात एन्झाइमचं औषध घाला आणि एक-दोन दिवस तसंच राहू द्या. काठी खुपसून ढीग फोडण्याचा मोह होतो, पण सील आणि सेन्सर त्यातच मोडतात. भिजल्यावर गाडी चालवा. वळणाच्या, खडबडीत रस्त्यावर तासभर गाडी चालली की आतलं पाणी जे घुसळलं जातं, ते काम उभ्या गाडीत कशाने होत नाही. मग सरळ डम्प स्टेशन गाठा.

तिथे होजच्या तोंडाशी पारदर्शक एल्बो, म्हणजे आतलं पाणी दिसेल असा वाकडा जोड, लावलेला असू द्या. आधी ब्लॅक, मग ग्रे. एल्बोमध्ये सुरुवातीला दाट तपकिरी पाणी दिसतं, मग तुकडे येतात, मग धार बारीक होते. इथेच थांबू नका. व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा अर्धी टाकी भरा आणि सोडा. पाणी फिक्या चहासारखं दिसलं की टाकी बरीच सुटली असं समजा. दोन-तीन फेऱ्या लागतील, मागे गाड्यांची रांग असेल तर पुढच्या फेऱ्या दुसऱ्या डम्प स्टेशनवर करा. कमोडमधून आत सोडायची फिरत्या तोंडाची कांडी मिळते, ती ढिगावर चांगली चालते. गाडीला टाकी धुवायची स्वतंत्र जोडणी असेल तर ती वापरताना ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा आहे ना ते दोनदा बघा आणि तिथून हलू नका. व्हॉल्व्ह बंद राहिला तर टाकी भरते आणि पाणी कमोडमधून किंवा छतावरच्या व्हेंटमधून बाहेर येतं.

डम्प स्टेशनवर धुण्यासाठीचा नळ असतो, त्याला पिण्याच्या पाण्याचा होज लावायचा नाही, कितीही घाई असली तरी. धुण्याचा होज वेगळ्या रंगाचा घ्या आणि वेगळ्या कप्प्यात ठेवा.

यलोस्टोनला जाणाऱ्यांसाठी: उद्यानाच्या आत गटाराच्या जोडणीसकट फुल हुकअप फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कमध्ये आहे. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर ट्रेलर व्हिलेजमध्ये हुकअप आहे. शेजारच्या मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये नाही, पण तिथे डम्प स्टेशन आहे. बाकी ठिकाणी पाणी पुरवून वापरावं लागतं. तेव्हा काटकसर आंघोळीत करा, टॉयलेटमध्ये नको. तांदूळ धुतलेलं पाणी, शॉवरचं सुरुवातीचं गार पाणी एका बादलीत धरा आणि फ्लशला वापरा.

रिकामी टाकी 'फुल' का दाखवते?

टाकीच्या भिंतीत खालपासून वरपर्यंत तीन-चार धातूची बटणं असतात. त्यांच्यामधून पाण्यातून वीज वाहिली की पॅनेलला कळतं पाणी कुठवर आलंय. त्या बटणांवर ओला कागद किंवा बुळबुळीत थर चिकटला की वीज थरातूनच वाहते आणि रिकामी टाकी भरलेली दिसते. म्हणजे यंत्र बिघडलेलं नाही, भिंत घाण आहे. टाकी अर्धी पाण्याने भरा, भांड्यांचा साबण कपभर घाला, दिवसभर गाडी चालवा, रिकामी करा. दोन-तीनदा केलं की बहुतेक गाड्यांत दिवे ताळ्यावर येतात. बर्फाचे खडे टाकायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. बर्फ पाण्यावर तरंगतो आणि वितळतो, भिंतीवरच्या थराला तो काही करत नाही. स्वतःची गाडी असेल आणि हा त्रास कायमचा असेल तर टाकीच्या बाहेरून चिकटवायच्या सेन्सरच्या पट्ट्या मिळतात, त्यांना आतल्या घाणीशी देणंघेणं नसतं.

होज जोडायच्या तोंडाची टोपी काढताच पाणी सांडतं

याचा अर्थ आतला व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. पातीच्या खाचेत कागद अडकलेला असतो किंवा दोन्ही बाजूंची रबरं झिजलेली असतात. टाकीत भरपूर पाणी असताना आणि होज जोडलेला असताना व्हॉल्व्ह चार-सहा वेळा उघडबंद करा, अडकलेलं निघून जाऊ शकतं. नाही गेलं तर टोपीच्या जागी फिरवून बसवायचा दुसरा व्हॉल्व्ह लावून सहल पार पाडता येते. कायमचा उपाय म्हणजे व्हॉल्व्ह बदलणं. चार बोल्ट आणि दोन सील असतात, टाकी अगदी रिकामी आणि धुतलेली असावी लागते, आणि सील बसवताना दुमडलं तर पुन्हा गळती सुरू. हँडल जड झालं असेल तर जोर लावू नका. थंडीच्या दिवसांत ते गोठलेलं असू शकतं, आणि गोठलेली पात ओढली की दांडा हातात येतो. ऊन पडेपर्यंत थांबा किंवा हेअर ड्रायरने हळूहळू ऊब द्या.

औषधांबद्दल

एन्झाइमचं किंवा जिवाणूंचं औषध चांगलं, पण ते पाण्यातच काम करतं. कोरड्या ढिगावर ओतून काही होत नाही. फॉर्मल्डिहाइड असलेली औषधं मी कुणालाच सुचवत नाही. ती वास दाबतात, पण कॅम्पग्राउंडच्या सेप्टिक टँकमधले जिवाणूही मारतात. कॅलिफोर्नियात अशा औषधांवर बंदी आहे. ब्लीच तर टाकीत कधीच नको: लघवीतल्या अमोनियाशी मिसळून विषारी क्लोरामाइन वायू तयार होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो छातीत भरतो. गटार मोकळं करायचं ॲसिडही नको, ते रबर खातं.

युरोपात किंवा न्यूझीलंडला गाडी घेतलीत तर बहुधा कॅसेट टॉयलेट मिळेल. बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायची १७ ते २० लिटरची पेटी, आणि ती रिकामी करायची ठरलेल्या जागी. तिथेही पाण्याचा नियम तोच, फक्त पेटी लहान म्हणून रोज नाहीतर एक दिवसाआड रिकामी करायची. लाल दिवा लागल्यावर पुढे ढकलू नका, काठोकाठ भरलेली पेटी ओढताना सांडते. ओतताना हवेचं बटण दाबून धरा, नाहीतर गचके देत पाणी अंगावर उडतं. पातीवरच्या सीलला वर सांगितलेलंच सिलिकॉन ग्रीस.

भाड्याची गाडी ताब्यात घेताना ही पाहणी तिथल्या पार्किंगमध्येच उरकून घ्या. कमोडमध्ये पाणी सोडून, कागदपत्रं होईपर्यंत थांबून ते ठरतंय का बघा. टॉर्च मारून टाकीचा तळ बघा, आधीच्या माणसाचा ढीग तुमच्या गळ्यात नको. होज जोडायच्या तोंडाच्या टोपीखाली भांडं धरून टोपी उघडा. होज लांबीला पुरेसा आहे का, त्याला भोकं आहेत का, पारदर्शक एल्बो आणि हातमोजे दिलेत का ते विचारा. टाकी रिकामी असूनही पॅनेलवर ती भरलेली दाखवणारे दिवे लागलेले असतील तर फोटो काढून करारावर तसं लिहून घ्या.